कार्डाच्या मापाची चिठ्ठी

अमृत शेलारनं आपलं ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या मोज्यांनी मारलं.

मोजे निळे होते, दोन जोड, आणि ओले. लोणावळ्यात आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत, ते फक्त जरा कमी ओले होतात. त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची युक्ती. अमृतची आई सविता शेगडीत निखारे घालते, त्यावर वेताची टोपली उपडी ठेवते आणि टोपलीवर कपडे पसरते. कपडे वाळतात, पण धुराचा वास धरतात. अमृत तुंगार्लीतल्या तीन बंगल्यांचा केअरटेकर. मुंबईच्या पाहुण्यांना किल्ली द्यायची, गीझर दाखवायचा, माकडं आली तर खिडकी लावा म्हणून सांगायचं, हे त्याचं काम. आपण जवळ गेलो की पाहुणे नाक हलवतात, असा त्याचा संशय होता. म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यानं स्वतःची युक्ती काढली. त्याच्या गेमिंग कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला वरून जाळी आहे. आतली सगळी गरम हवा तिथून बाहेर येते. त्या जाळीवर आधी रुमाल वाळले, मग बनियन वाळले, आणि माणसाचा आत्मविश्वास वाढत गेला.

यंदा मोजे ठेवले. घाईत नीट पिळलेही नव्हते. त्यावर कडी म्हणजे, लवकर वाळावेत म्हणून गेम मुद्दाम सगळ्यात जड सेटिंगवर लावला.

पडद्यावर त्याची गाडी वळणावर होती. आधी हिरव्या रेघा आल्या, मग आतून 'फट्' झालं, आणि गाडी, वळण, रस्ता सगळं एकदम काळं झालं. ही चित्रं काढणारं कार्डच गेलं होतं.

"आरं, जळका वास कुटून येतूय?" आईनं आतून विचारलं.

"शेगडीचा असंल."

"शेगडी इजून तास झाला." ती दारात आली. कॅबिनेटकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, मोजा उचलून पिळला. चार थेंब फरशीवर पडले. "वाळलं न्हाईत आजून," एवढंच म्हणाली आणि मोजे टोपलीवर टाकायला घेऊन गेली.

आता हा अमृत कोण, हे सांगितल्याशिवाय हे दुःख किती मोठं ते कळायचं नाही. बारावीनंतर त्यानं दोन वर्षं कॉलेजला नाव घातलं आणि हजेरी मात्र प्रितमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लावली. दुकानात काउंटरच्या टोकाला एक स्टूल होतं. रविवारी अमृत त्या स्टुलावर बसायचा आणि कामशेतपासून खंडाळ्यापर्यंतची पोरं त्याला विचारायला यायची. कुठलं कार्ड घेऊ? किती जीबीचं? जुनं घेतलं तर चालेल का? अमृत डोळे बारीक करायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि मग निकाल द्यायचा. या कामाचे त्याला पैसे मिळत नसत. पण बाजारातून जाताना "कार्डवाले दादा" अशी हाक यायची, आणि ती हाक पगारात धरता येत असती तर त्यानं बंगल्याच्या किल्ल्या कधीच परत केल्या असत्या.

त्या पोरांमध्ये एक मुलगी असायची. अरफा. शमीममावशी म्हणून बाजारामागच्या गल्लीत ब्लाउज शिवतात, त्यांची लेक. तेव्हा अकरावीत होती. दर रविवारी एक वही घेऊन यायची आणि एकच प्रश्न विचारायची. "दादा, रॅम म्हणजे काय?" पुढच्या रविवारी, "दादा, पंखा उलटा बसला तर काय होतं?" अमृत सांगायचा, ती लिहून घ्यायची. असा श्रोता कोणाला नको असतो?

मग हळूहळू तिचे प्रश्न संपले.

अमृतला आधी वाटलं, पोरीचा नाद सुटला. नाद सुटला नव्हता. आईच्या शिलाई मशीनच्या मागं पडदा लावून ती लग्नाचे व्हिडिओ जोडायला लागली होती, आणि त्याच पडद्यामागं लोकांचे कॉम्प्युटर बांधून द्यायला लागली होती. वर्षभरात रविवारच्या मोटारसायकली प्रितमच्या दुकानासमोरून शमीममावशींच्या दुकानासमोर सरकल्या. अमृत दुधाला जायचं निमित्त काढून त्या गल्लीतून जायचा आणि मोजायचा. एकदा पाच होत्या. एकदा सात. "एवढ्या गड्यांना ब्लाउज कशाला लागतायत?" असं तो प्रितमला म्हणाला. प्रितम हसला, पण अमृत हसत नव्हता. त्याच्या पोटात खरोखरच दुखत होतं.

राहता राहिली होती एक खुर्ची. मंडळ गणपतीत तीन दिवस गेमिंगची स्पर्धा घेतं. पोरं आपापली मशीन घेऊन येतात. मध्येच बंद पडणारं किंवा आत काही लबाडी घातलेलं मशीन चालत नाही, म्हणून आधी प्रत्येक मशीन तपासलं जातं. तपासणारा मंडपाच्या बाजूला लाल खुर्चीवर बसतो, छातीला बिल्ला लावतो, आणि त्याचं स्वतःचं मशीन नमुना म्हणून पहिल्या टेबलावर लागतं. तीन वर्षं ती खुर्ची अमृतची होती. यंदा मंडळाचा अध्यक्ष कैलास भाजीच्या गाळ्यावरून सहज म्हणाला होता, "अमृत, यंदा तूच ना रे? न्हाईतर अरफाला सांगू का? ती पण चांगली बघती म्हणत्यात."

"मीच," अमृत पटकन म्हणाला होता.

आणि आता गणपतीला अठरा दिवस राहिले असताना नमुन्याच्या मशीनमध्ये जळका वास कोंडला होता.

दुसऱ्या दिवशी तो प्रितमकडं गेला. प्रितमनं कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "पाणी गेलंय, भाऊ. वॉरंटी असती तरी चाललं नसतं. कसं गेलं?"

"गळलं वरून."

"पत्र्यातनं?"

"गळलं म्हटलं ना."

प्रितमनं काउंटरवर दोन खोकी ठेवली. एक बेताचं, दोन पंख्यांचं कार्ड. दुसरं लांबलचक, तीन पंख्यांचं, बाजूला रंगीत दिव्यांची पट्टी. अमृतनं दोन्ही बघितली. आणि खरं सांगायचं तर त्याच्यातला जुना स्टुलावरचा माणूस दोन पंख्यांच्या खोक्यावर बोट ठेवणारच होता. त्याचं काम त्यात झालं असतं. बोट निम्म्या वाटेवर होतं तेवढ्यात प्रितम म्हणाला, "घे डोळे झाकून. अरफा पण हेच सांगती सगळ्यांना. या महिन्यात सहा गेली."

बोट जागच्या जागी वळलं.

"हे दे," अमृत म्हणाला. "तीन पंख्यांचं."

"अरे, पण तुझं कॅबिनेट..."

"प्रितम, कार्डांचं पोरं तुला विचारतात का मला? मला शिकवतो का?"

"न्हाई बाबा. मी कोण शिकवणारा." प्रितमनं पावती फाडली. "फक्त एक सांगतो. तीन दिवसांत ओरखडा नसेल तर बदलून देतो. तेही एकदाच."

दिवाळीपासून साठवलेल्या पाहुण्यांच्या टिपा त्या खोक्यात गेल्या. अमृत खोकं पोटाशी धरून, रेनकोट त्याच्यावर आणि पाऊस आपल्यावर घेऊन घरी आला. वाटेत त्याला फार बरं वाटत होतं. अरफा सगळ्यांना दोन पंखे सांगते काय? बसू दे. नमुन्याच्या टेबलावर तीन पंखे फिरतील, दिवे लागतील, आणि सात मोटारसायकली मुकाट्यानं परत फिरतील.

कार्ड कॅबिनेटात गेलं नाही.

मागचं टोक जागेवर बसवलं की पुढचं टोक हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला थडकायचं. पुढचं टोक तिरकं घातलं की मागचं वर यायचं. अमृतनं पिंजरा काढायचा प्रयत्न केला, तर तो रिवेट मारलेला निघाला. त्यानं पक्कड आणली. पक्कड बघून आई आली.

"काय चाललंय?"

"बसत न्हाई. थोडा पिंजरा वाकवतो."

सविताचं माहेर इंदुरीचं, आणि माहेरी दावणीला चार म्हशी होत्या. ती दोन मिनिटं हा खटाटोप बघत उभी राहिली. "आमच्या आबांनी एकदा बाजारातनं म्हस आणली," ती म्हणाली. "शिंगं ह्या एवढी. गोठ्याच्या दारातनं आत जाईना. आबा काय दार तोडत बसलं न्हाईत. माघारी न्हेऊन बदलून आणली."

"आई, ही म्हैस न्हाई."

"म्हस बरी. ती बोलिवली तर मान तरी वळविती."

या झटापटीत कार्ड पट्टीला धरून ठेवणारा काळा स्क्रू कुठंतरी उडाला. कॉटखाली बघितलं, फरशीवर झाडू फिरवला, मिळाला नाही. शेवटी अमृतला आणखी एक गोष्ट दिसली. नव्या कार्डाला विजेच्या तीन वायरी लागत होत्या, आणि त्याच्या जुन्या पॉवर सप्लायमधून निघत होत्या दोन. म्हणजे पिंजरा वाकला असता तरी म्हैस उपाशीच राहिली असती.

तिसऱ्या दिवशी तो प्रितमसमोर उभा राहिला. प्रितमनं कार्ड उजेडात धरून ओरखडा शोधला. सुदैवानं नव्हता. "बदलून देतो," तो म्हणाला, "पण एक अट आहे. आता हे दुसऱ्यांदा परत आलं तर मी मेलो. तू अरफाकडनं मापाची चिठ्ठी आण."

"कसली चिठ्ठी?"

"ती माप घेऊन देती लिहून. कॅबिनेटचं. ती चिठ्ठी असली की माल परत येत न्हाई. हल्ली मी सगळ्यांनाच मागतो."

"मला पण?"

प्रितमनं तीन पंख्यांचं खोकं काउंटरखाली सरकवलं, आणि हेच उत्तर होतं.

ती दुपार अमृतनं बंगल्यातल्या रिकाम्या व्हरांड्यात बसून काढली. खुर्ची सोडायची, की चिठ्ठी आणायची? चिठ्ठी आणली तर सगळ्या गावाला कळणार की कार्डवाल्या दादाला कार्ड अरफानं निवडून दिलं. नाही आणली तर पहिल्या टेबलावर मशीनच नाही, आणि खुर्ची आपोआप तिचीच. दोन्ही रस्ते शमीममावशींच्या गल्लीत जात होते. संध्याकाळी त्यानं कॅबिनेट खताच्या पिशवीत घातलं, स्कूटरवर पुढं ठेवलं, आणि गल्लीत मोटारसायकल एकही नाही हे दोनदा बघून मगच आत शिरला.

"ये बाळा," शमीममावशी मशीनवरून न उठता म्हणाल्या. "आईचा ब्लाउज तयार न्हाई अजून. सांग, शुक्रवारी देते."

"ब्लाउज नाही मावशी. जरा अरफाकडं..." पुढचं त्याला बोलवेना. त्यानं पिशवी वर केली.

"अरफा! गिऱ्हाईक!" मावशींनी हाक मारली. तो एक शब्द अमृतला फार लागला.

अरफा पडदा सारून बाहेर आली. गळ्यात आईची टेप, कानामागं पेन्सिल. "अमृतदादा! तू?" तिनं पिशवीतून कॅबिनेट काढलं, बाजूचं झाकण उघडलं. कामाचं काही बोलण्याआधीच तिचं लक्ष वरच्या जाळीकडं गेलं. तिनं चिमटीत काहीतरी धरून ओढलं. निळ्या धाग्यांचा पुंजका होता.

"हे काय?"

"मांजराचे केस असतील."

"निळं मांजर?"

मशीनवर मावशींचा पाय थांबला. त्या मान वर न करता म्हणाल्या, "लोकर न्हाई ती. नायलॉन आहे. मोजे."

अरफानं ओठ दाबून धरले. हसली असती तर बरं झालं असतं, असं अमृतला वाटलं. तिनं फक्त तो पुंजका बाजूला ठेवला आणि गळ्यातली टेप काढली. एक टोक मागच्या पट्टीला, दुसरं पिंजऱ्याला. "साडेअकरा इंच. तू आणलंस ते केवढं होतं?"

"तुला कोणी सांगितलं मी आणलं म्हणून?"

"प्रितमदादांनी. केवढं होतं?"

"मोजलं नाही," अमृत म्हणाला. आणि हे तोंडातून निघताना त्याला कळलं की जगात यापेक्षा वाईट वाक्य आपण दुसरं कुठलं बोललेलो नाही.

"तेरा असतं ते. पॉवर सप्लाय साडेपाचशे वॅटचा. वायरी दोन. घरी मॉनिटर कुठला, तोच ना जुना? सेकंदाला पंच्याहत्तर चित्रं दाखवणारा?"

"तोच."

"मग मोठं कार्ड सेकंदाला दोनशे काढून देणार आणि तुझा मॉनिटर पंच्याहत्तरच दाखवणार. सव्वाशे कुणासाठी शिवायची?"

मावशींच्या मशीनशेजारी एक पावतीपुस्तक होतं. वर छापलेलं: शमीम लेडीज टेलर्स. खाली रकाने: उंची, छाती, कंबर, बाही, गळा. अरफानं त्यातलंच एक पान पुढं ओढलं. उंचीपुढं लिहिलं, साडेअकराच्या आत. छातीपुढं, कॅबिनेटच्या मागच्या दोन खाचांपेक्षा जाड नको. कंबरेपुढं, साडेपाचशे वॅट. गळ्यापुढं, वायरी दोन. बाहीवर काट मारली. खाली लिहिलं, दोन पंखे, बारा जीबी.

अमृत ते बघत होता आणि त्याचा जीव नुसता जळत होता. दोन पंखे ठरले याचं त्याला आता फारसं काही नव्हतं. त्याला जळवत होतं ते पान. इतकं सोपं. छापलेलं, आयतं, सहा वर्षं त्याच्या डोळ्यासमोर आईच्या ब्लाउजच्या निमित्तानं येणारं पान. आपल्याला का सुचलं नाही?

"हे कुठून काढलंस?" त्यानं विचारलं. आवाज शक्य तितका बेफिकीर ठेवला होता.

"तूच सांगितलंस की." अरफा पडद्यामागं गेली आणि ती जुनी वही घेऊन आली. पान काढून त्याच्यापुढं धरलं. अकरावीतलं गोल अक्षर. 'अमृतदादा: आधी कॅबिनेट मोजायचं, मग कार्ड बघायचं. उलटं करणारा माणूस हौशी.' हौशी या शब्दाखाली तिनं तेव्हा दोन रेघा मारल्या होत्या.

अमृतला ते वाक्य आठवत नव्हतं. पण वाक्य त्याचंच होतं, ती ऐट त्याचीच होती. आपल्या परसातली वेल शेजाऱ्याच्या कुंपणावर चढावी, तिकडंच दुधी लागावेत आणि शेजाऱ्यानं वर एक दुधी आपल्याला आणून द्यावा, तसं त्याला झालं. दुधी नको म्हणता येत नाही, आणि भाजी गोड लागत नाही.

चिठ्ठीवर कार्ड मिळालं. बसवायला अरफाच्या दुकानात जावं लागलं, कारण तो काळा स्क्रू काही घरी सापडला नव्हता. अरफानं आईच्या बटणांच्या डब्यात हात घातला आणि हुक, टिचबटणं, मोती यांच्यातून एक काळा स्क्रू वेचून काढला. कार्ड आत गेलं, पुढं दोन बोटं जागा उरली. स्क्रू फिरला. पंखे सुरू झाले.

"दादा, हा स्क्रू परत दे हं," ती म्हणाली. "या मापाचे माझ्याकडं दोनच आहेत."

"उद्या देतो."

गणपती बसले. स्पर्धेच्या सकाळी अमृतचं मशीन पहिल्या टेबलावर लागलं, कैलासनं त्याला बिल्ला दिला, आणि अमृत लाल खुर्चीत बसला. खुर्ची त्याची राहिली होती. पहिलं मशीन आलं, देहूरोडच्या एका पोराचं. अमृतनं डोळे बारीक केले, झाकण उघडलं. आत चिकटपट्टीनं चिकटवलेलं एक पान. उंची, छाती, कंबर, गळा. दुसऱ्या मशीनमध्ये पान. तिसऱ्यात पान. चौथं मशीन उघडताना त्यानं मनात देवाला साकडं घातलं. समोर मंडपात गणपती बसलेलाच होता, पण त्या मशीनमध्येही पान होतं. कुठलंही कार्ड थडकत नव्हतं, कुठलीही वायर कमी पडत नव्हती. आणि अमृतला करायला काम काय होतं? अरफाचं अक्षर वाचणं.

पाचव्या मशीनवर त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कैलासभाऊ," तो म्हणाला, "अरफाला बोलवा."

"का? काय बिघडलं का?"

"काही बिघडलं नाही. तेच तर." त्यानं बिल्ला काढला. पिन शर्टाला अडकली, ओढावी लागली. "सगळी तिनंच बघितलीत. मी हितं पोस्टमनसारखा बसलोय."

"आरं, पण तुजं मशीन तर नमुन्याचं..."

"त्यात पण तिचीच चिठ्ठी आहे," अमृत म्हणाला. हे बोलायला अक्कलदाढ उपटण्याइतका वेळ लागला. देहूरोडचं पोरगं ऐकत होतं, प्रितम ऐकत होता, म्हणजे दुपारपर्यंत तळेगाव ऐकणार होतं.

अरफा आली, लाल खुर्चीत बसली, बिल्ला ओढणीला लावला. अमृतला कैलासनं नावं लिहायच्या टेबलावर बसवलं. तीन दिवस त्यानं नावं लिहिली. मधूनमधून तो खुर्चीकडं बघायचा, आणि तिच्या पाठीमागं उभ्या राहिलेल्या पोरांची मुंडकी मोजायचा. दुसऱ्या दिवशी अकरा होती. मोजायची सवय काही सुटली नाही.

घरात हरवलेला तो काळा स्क्रू त्याला अनंत चतुर्दशीच्या सफाईत सापडला. आईनंच झाडूनं बाहेर काढला. तो त्यानं शर्टाच्या खिशात घातला, शर्ट बदलला की नव्या शर्टात. शमीममावशींचं दुकान त्याच्या रोजच्या दुधाच्या वाटेवर आहे. परत करायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

पण आता नवरात्र उलटलं, मोजे उन्हात वाळायला लागले, तरी स्क्रू खिशातच आहे. बाजारात भेटली की अरफा भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि म्हणते, "दादा, माझा स्क्रू?"

"उद्या," अमृत म्हणतो, आणि खिशावर हात ठेवून पुढं जातो. एवढा एक प्रश्न ती अजून त्याला विचारते.